'आणि साथी'मधले आवाज

बोरीकाठ

दिवाळीत गावच्या घराचा माळा आवरताना एक कॅसेट हाती लागली. कानबाईची, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीची, गाणी. कव्हरवर फेटा बांधलेल्या एका गायकाचा फोटो, खाली त्याचं नाव ठळक अक्षरात, आणि नावाला चिकटून बारीक टायपात दोन शब्द: 'आणि साथी'. धागा त्या दोन शब्दांसाठी काढतोय.

कारण त्या कॅसेटमध्ये फेटेवाला फक्त सुरुवातीची आरती आणि शेवटचा जयजयकार म्हणतो. मधली सगळी गाणी सात बायकांची आहेत, आणि ओळ उचलून देणारी आमची मोठी माय आहे. (खान्देशाबाहेरच्यांसाठी: मोठी माय म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको.) आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठावर. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागरण, सोमवारी विसर्जन. त्या रात्री मोठी माय गायला बसली की पलीकडच्या गल्लीतल्या बाया स्वतःच्या कानबाईपुढून उठून आमच्याकडे यायच्या. त्यावरून दोन घरांत बोलणं बंद झाल्याचंही मला आठवतं.

तिचं गाणं कसं होतं ते सांगतो, शास्त्रातलं मला कळत नाही तरी. ओळ ती इतक्या खालून सुरू करायची की वाटावं बोलतेच आहे. मग आवाज वर यायचा, ताण न देता, भरलेली मोट येते तसा जडपणे. ओळीचं शेवटचं अक्षर ती संपवायचीच नाही, ते बाकीच्यांच्या तोंडात सोडून द्यायची आणि त्यांच्या आवाजाआड श्वास घ्यायची. ती दम कधी घेते हे आम्हा पोरांना कधी पकडता आलं नाही, आणि आम्ही पैजा लावून बसायचो.

१९९१ च्या मे महिन्यात एक माणूस आला आणि सातही जणींना टेम्पोत बसवून धुळ्याला घेऊन गेला. भिंतींना गाद्या लावलेली खोली. आवाज येतो म्हणून पंखा बंद. एका दिवसात कॅसेटच्या दोन्ही बाजू भरल्या. प्रत्येकीला एक्कावन्न रुपये, ब्लाऊजपीस आणि दुपारचं जेवण. श्रावणात मोठी माय बाजाराला अमळनेरला गेली, तर स्टँडसमोरच्या दुकानात तिचाच आवाज लागलेला. दुकानदाराने अठरा रुपये सांगितले, तिने मोजले. घरी येऊन म्हणाली, "मन्हा आवाज मालेच इकत लेवा पडना."

ती हे हसत सांगते. मला हसू येत नाही.

गुणी गायकांना संधी मिळाली नाही, हे आपण नेहमी ऐकतो. इथे तर बाजार दारात आला, गाऊन घेतलं, विकलं, फक्त नाव विचारलं नाही. तुमच्याकडे असे गळे आहेत का?

भरीतपार्टी

घराघरात आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गातात त्यातली एक तरी अशी असतेच, की बाकीच्या आपोआप गप्प होतात. आमची आत्या तशी होती. एरवी चारचौघांत तोंड वर करून बोलायची नाही. आमच्यासाठी ते 'गाणं' नव्हतंच, ते झोक्याचं काम होतं. कापूस वेचायला हात पाहिजेत तसा झोक्याला गळा पाहिजे, एवढंच.

फेटेवाल्याचं नाव सांगा की!

बोरीकाठ

नाही सांगणार. तो माणूस आता नाही, आणि कव्हर त्याने छापलं की कंपनीने, मला ठाऊक नाही.

शिरपूरवाला

नावाचा विषय निघालाच आहे तर आमच्या तालुक्यातली एक गोष्ट. तापीकाठचं थाळनेर हे लतादीदींचं आजोळ. त्यांच्या आई थाळनेरच्या लाड कुटुंबातल्या, गुजराती. आजोबा शेठ हरिदास रामदास लाड, मोठे व्यापारी आणि जमीनदार. लहानपणी लतादीदी पावागढचे गरबे आजीकडून शिकल्या, हे त्यांच्यावरच्या लेखांत वाचायला मिळतं. आता गंमत बघा. ज्यांनी गाणं शिकवलं नाही त्या आजोबांचं नाव, गाव, धंदा, सगळं छापून येतं. जिने गरबे शिकवले ती मी वाचलेल्या प्रत्येक लेखात नुसती 'आजी' आहे. जगातल्या एवढ्या मोठ्या गळ्याची आजी 'आणि साथी'त निघाली, तर तुमच्या मोठ्या मायचं काय घेऊन बसलात.

मध्यसप्तक

शिरपूरवाला, एक नंबर.

मला रेडिओची बाजू मांडायची आहे. जळगाव आकाशवाणी १९७६ साली सुरू झाली. माझे वडील चोपड्याला शिलाईकाम करायचे आणि भजनं गायचे. त्यांनी सुगम संगीतासाठी अर्ज केला. ऑडिशनला परीक्षकांपुढे नाव जात नाही, नंबर जातो. जात, गाव, कपडे, कोणाचा कोण, काहीच दिसत नाही, फक्त आवाज. पहिल्या वेळी नापास. दुसऱ्या वेळी बी ग्रेड, पुढे काही वर्षांनी बी हाय. त्याच्या वर ए आणि टॉप, तिथपर्यंत ते गेले नाहीत. वर्षातून मोजके कार्यक्रम मिळायचे. टपालाने करार यायचा, ते दुकान बंद ठेवून एसटीने जळगावला जायचे, रेकॉर्डिंग करून रात्री परत. मानधनात दुकानाचा खाडा भरून निघायचा की नाही शंकाच आहे.

पण कार्यक्रम लागला की निवेदिका आधी त्यांचं नाव घ्यायची. संपल्यावर पुन्हा. आई पूजा सोडून रेडिओपाशी येऊन उभी राहायची, गाण्यासाठी नाही, त्या नावासाठी. गाणं तर ती रोजच ऐकायची. गावात 'टेलर' म्हणून हाक मारणारे लोक त्या दिवशी 'बुवा' म्हणायचे.

सरकारी रेडिओला नावं ठेवायला जागा भरपूर आहे. १९४० पासून १९७१ पर्यंत त्यांनी साधी पेटी वाजू दिली नाही! तरी गाणाऱ्याचं नाव घेण्याची शिस्त त्यांनी पाळली, बाजाराला ती जमली नाही.

रोखठोक_भुसावळ

थोडं कडू बोलतो, रागवू नका भो.

कॅसेटच्या आधी काय होतं? रेकॉर्ड काढायची तर एचएमव्हीचं दार, आणि त्या दाराशी अमळनेरच्या सात बायकांना कोणी उभं केलं नसतं. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, गल्लीबोळात कंपन्या निघाल्या, तेव्हा कुठे अहिराणी गाणं विकलं जातं हे लोकांना कळलं. त्या धुळ्याच्या माणसाने एक्कावन्न रुपये दिले हे वाईटच. पण तो आला नसता तर आज तुमच्या माळ्यावर काय सापडलं असतं? काही नाही. मोठ्या मायचा आवाज त्या अन्यायामुळेच उरलाय.

आणि दुसरं. गावातली प्रत्येक गाणारी 'उपेक्षित' नसते. कित्येकींना स्टेज नकोच होतं. त्यांच्या वतीने आपण पुण्यामुंबईत बसून हळहळायचं, हाही एक छंदच आहे.

बोरीकाठ

पहिला मुद्दा मान्य, आणि तो मला झोपू देत नाही म्हणूनच धागा काढला.

दुसरा अर्धा मान्य. तिला स्टेज नको होतं. पण ती टेम्पोत बसून गेली होती हेही खरं आहे, आणि जाताना लग्नातलं लुगडं नेसली होती. आवाज भरायला कोणी लुगडं बघत नाही, हे तिला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.

ट्रॅकवाला_पाचोरा

मी आजची परिस्थिती सांगतो. पाचोऱ्यात माझा छोटा स्टुडिओ आहे, दहा बाय बाराची खोली. अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर कोटींनी व्ह्यूज येतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यातलं गाणाऱ्याला काय मिळतं? एकदाचे दोन-चार हजार. कधी तेही नाही, 'तुझं नाव होईल' एवढ्यावर भागतं. गाणं चॅनलवाल्याचं. जाहिरातींची कमाई सुरू व्हायला चॅनलला हजार सबस्क्राईबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं गेलेलं लागतं. नवी मुलगी स्वतःचा चॅनल काढून तिथवर पोचेपर्यंत तिचं लग्न होऊन जातं. म्हणून ती मोठ्या चॅनलला गाणं देऊन टाकते. पुढे तेच गाणं तिने स्वतःच्या चॅनलवर टाकलं की मालकी दुसऱ्याची असल्याचा दावा येतो, तिच्याच आवाजावर. माझ्यासमोर एक जण रडलीय. तेव्हा मोठ्या मायचे अठरा रुपये अजून चालू आहेत, फक्त दुकान बदललंय.

आता माझ्या धंद्याचाही गुन्हा कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी कानबाई गाणाऱ्या चार आज्यांना बोलावलं होतं. ट्रॅक आधी तयार, कानाला हेडफोन. पहिल्या ओळीला त्या सुरात होत्या. तिसऱ्या कडव्याला ट्रॅक जागेवर आणि आज्या अर्धा सूर वर. जागरणात असंच होतं, रात्र चढते तसा सूर चढतो, आणि सगळ्या एकत्र चढतात म्हणून ऐकणाऱ्याला खटकत नाही. मी सॉफ्टवेअरने ओढून सरळ केलं. आज्यांना ऐकवलं. त्यातली एक म्हणाली, "हाई कोन म्हनी ऱ्हायनं?" हे कोण गातंय म्हणून विचारलं तिने, टोमणा नव्हता तो.

ते गाणं मी टाकलंच नाही. पण ट्रॅक काढून नुसतं गायला लावलं असतं तर कोणी ऐकलं असतं का? लग्नसराईत हळदीला जे वाजतं तेच चालतं. चुकीच्या पट्टीतल्या चार आज्या डीजेवर कोण लावणार?

जुनी_तबकडी

बाजार मोठ्या गायिकांनाही असाच वागवतो. सुमन कल्याणपूर घ्या. साठच्या दशकात रॉयल्टीच्या वादातून लता आणि रफी काही वर्षं एकत्र गात नव्हते, तेव्हा रफीसोबतची कितीतरी द्वंद्वगीतं सुमनताईंकडे आली. आणि लोक ती लताची समजून ऐकतात. माझ्या मित्राच्या गाडीत अजूनही तसंच चालतं, सांगून दमलो. पद्मभूषण मिळालं ते २०२३ साली, वयाची पंचाऐंशी उलटल्यावर.

मुबारक बेगम तर शेवटी जोगेश्वरीच्या छोट्या घरात गेल्या, २०१६ मध्ये. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० असं दोनदा राष्ट्रपतींच्या हातून पदक मिळालं, तरी म्हातारपण हलाखीत गेलं.

मध्यसप्तक

सुमनताईंवर वेगळा धागा काढा, मी येतोच. पण त्या रेकॉर्डवर 'सुमन कल्याणपूर' असं छापलेलं आहे. न वाचणारा आपला मित्र. इथली गोष्ट छापलेलंच नसण्याची आहे.

कलम_आणि_कागद

वकील आहे, म्हणून कायद्यापुरतं. लोकगीत 'पारंपरिक' असलं तरी ते गाणाऱ्याचा त्या गायनावर हक्क असतो, याला कलाकाराचा हक्क म्हणतात. पण कॉपीराइट कायद्यात हे कलम आलं १९९४ च्या दुरुस्तीने, आणि लागू झालं १० मे १९९५ पासून. मुदत आधी पंचवीस वर्षं होती, १९९९ मध्ये पन्नास केली. २०१२ च्या दुरुस्तीत व्यावसायिक वापरातून रॉयल्टीचा हक्क आणि कलाकार म्हणून ओळख सांगण्याचा हक्क, दोन्ही आलं. पुढच्याच वर्षी गायकांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था उभी राहिली.

बोरीकाठ, तुमचं रेकॉर्डिंग मे १९९१ चं. म्हणजे मोठी माय गायली तेव्हा हा हक्क कागदावर जन्मलाच नव्हता. वाईट वाटतं सांगताना, पण खोटी आशा लावत नाही.

ट्रॅकवाला, तुमच्याकडे रडलेल्या मुलीचं मात्र तसं नाही. तिने कशावर सही केली ते बघायला सांगा. बऱ्याचदा सहीच नसते, नुसता व्हॉट्सॲपवरचा अंगठा असतो, आणि तिथे बोलायला जागा आहे.

आसोद्याची_लेक

इतका वेळ बहिणाबाईंचं नाव कोणी घेतलं नाही, म्हणून लिहिते.

आम्ही त्यांना कवयित्री म्हणतो. जळगावच्या विद्यापीठालाही २०१८ पासून 'कवयित्री बहिणाबाई चौधरी' असं नाव आहे. पण त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या गायच्या. जात्यावर, शेतात, घरातलं आवरताना. मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने ऐकून उतरवून घेतलं म्हणून शब्द राहिले. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या, वही अत्रे साहेबांनी पाहिली, १९५२ मध्ये पुस्तक आलं. मग १९६१ च्या 'मानिनी'मध्ये त्यांचा 'अरे संसार संसार' गायला गेला, वसंत पवारांच्या चालीत, आणि आज सगळ्यांच्या कानात तीच चाल आहे. माझ्याही. मला ती आवडते.

पण बहिणाबाईंची चाल कोणती? जात्याचा खुंटा फिरवताना ओळ कुठे तुटायची? आमच्या आसोद्यात आणि जळगावात त्यांना ऐकलेल्या बाया तेव्हा होत्या. माझी पणजी सांगायची म्हणे, की बहिणामावशी गाताना शेवटचं अक्षर ओढायची नाही, टचकन तोडायची, कारण जातं तिथे जड व्हायचं. एवढी एकच गोष्ट आमच्या घरात उरली, तीही 'सांगायची म्हणे'. पणजीला कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना कविता हवी होती.

म्हणजे आपल्याकडच्या सगळ्यात नावाजलेल्या बाईचंही नाव राहिलं आणि आवाज गेला. मोठ्या मायचा आवाज राहिला आणि नाव गेलं. यातलं बरं कोणतं ते मला ठरवता येत नाही.

भरीतपार्टी

हे वाचून दहा मिनिटं काही लिहिता आलं नाही.

पंचायत_समिती_रिटायर

कामाचं बोलतो. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने. २०२४ पासून दरमहा पाच हजार रुपये. वय पन्नासच्या वर आणि कलेत किमान पंधरा वर्षं काम हवं. मोठ्या मायचा अर्ज केला होता का?

नोकरीत असे अर्ज माझ्या हातून गेलेत, म्हणून अडचणही सांगतो. पुरावे लागतात. कात्रणं, कार्यक्रमाच्या पत्रिका, प्रमाणपत्रं, फोटो. तमाशातला, भजनी मंडळातला, वहीगायनातला माणूस कुठून तरी कागद आणतो. कानबाई गाणारी बाई काय आणणार? देवीने प्रमाणपत्र दिलंय का? एक आजी माझ्या टेबलापुढे उभी राहून म्हणाली होती, कागद नही, गाईसन दखाडू का? आणि ऑफिसात गायली. बाहेर रांगेतले लोक आत आले, साहेबही केबिनमधून आले. गाणं संपल्यावर साहेबांनी पाणी मागवलं तिच्यासाठी. अर्ज मात्र अपुरा म्हणून परत गेला, आणि परतीचा शेरा मीच लिहिला.

तुमच्याकडे कॅसेट आहे. तिच्यावर नाव असतं तर तोच पुरावा झाला असता.

बोरीकाठ

परवा गावी जाऊन आलो. पुतण्याने कुठून तरी टेपरेकॉर्डर आणला होता.

मोठी माय आता ऐंशीच्या पुढे आहे. आधी म्हटलं, एक गाणं म्हण, मोबाईलवर घेतो. तिने हात झटकला. "कानबाई नही, काही नही, गाना कशाना? श्रावण लागू दे, मंग म्हनसू." मग कॅसेट लावली. फेटेवाल्याची आरती सुरू झाली तर म्हणाली, पुढे कर.

पहिल्या गाण्याला तिने डोळे मिटले आणि एकेक आवाज बोटाने दाखवायला लागली, जणू समोर बसल्यात. मी वही घेऊन बसलो होतो, 'आणि साथी'च्या जागी सात नावं लिहायची म्हणून. ती सांगत गेली: ही पारोळावाली, ही शिंदखेडावाली, ही बेटावदवाली, ही धाकली एरंडोलवाली. मी म्हटलं, अगं नावं सांग. ती थांबली. बराच वेळ विचार केला. "नाव? माय वं... तिले आम्ही पारोळावालीच म्हनूत. सासरमा नाव कोन इचारस?"

तीस-चाळीस वर्षं शेजारी बसून गायल्या, एकमेकींच्या दमावर दम घेतला, आणि सातातल्या चौघींची नावं तिलाही माहीत नाहीत. मी धुळ्याच्या माणसावर एवढा चिडलो होतो.

दुसऱ्या बाजूला तिसऱ्या गाण्यात मध्येच एक जण खोकते. ती शिंदखेडावाली. पंखा बंद असल्याने तिला धाप लागली होती, माणूस म्हणाला होता पुन्हा घेऊ, आणि मोठी माय म्हणाली होती की आता नाही घेणार, चालू दे. शिंदखेडावाली त्याच वर्षी दिवाळीनंतर गेली. मोठ्या मायने ते गाणं तीनदा लावायला लावलं. तिसऱ्यांदा खोकल्याच्या आधीच तिने मला गप्प बसायची खूण केली.

चौथ्यांदा लावताना टेप अडकली. काढून ठेवलीय. आता काय करू?

ट्रॅकवाला_पाचोरा

आता प्ले अजिबात दाबू नका. जुन्या कॅसेटच्या तोंडाशी पत्रीवर स्पंजाचा छोटा चौकोन असतो, तो गळून पडलेला असेल. दुसऱ्या कॅसेटचा काढून बसवता येतो. स्क्रूची कॅसेट असेल तर सोपं, चिकटवलेली असेल तर कवच कापावं लागेल, ते घरी करू नका. टेपरेकॉर्डरचं हेडही स्पिरिटने पुसलेलं नसणार. माझ्याकडे आणा, पैसे नकोत. एकदाच लावायची आणि थेट कॉम्प्युटरवर घ्यायची. सूर सरळ करणार नाही, शब्द देतो.

फक्त एक सांगा. टेपची खरखर काढताना मध्ये येणारे असे आवाजही पुसून घेतात सगळे. तो खोकला ठेवू ना?

बोरीकाठ

ठेवा. रविवारी नाशिकहून सकाळच्या गाडीने येतो.